चालून बघणारे आमदार

मंजू, जरा जवळ सरक आणि ऐक. परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्या, आमदार सगळे सारखेच." मोठी शहाणी आहेस! विश्रामबागेत ज्यांच्या मागच्याच गल्लीत राहतेस, त्या नानांना एकदा तरी भेटलीस का?

नाना आमचे दोन वेळचे आमदार. त्यांची एक खोडच होती. कुणी रस्त्याचं, पुलाचं गाऱ्हाणं नेलं की ते अर्ज बाजूला ठेवायचे आणि चपला शोधायचे. "थांबा, आदी चालून बघतो. मग इदानसभेत तोंड उघडतो." जेवण वाढलेलं असलं तरी निघायचे. गाडी मागून रिकामी यायची.

चुकले ते एकदाच. थोड्या पोरांच्या शाळा बंद करून मोठ्या शाळेत मिळवायच्या, असं विधेयक आलं. अध्यक्षांनी विचारलं, बाकांवरून "होय" आलं, त्यात नानांचंही होतं. कुंडलजवळच्या आमच्या वस्तीवरच्या शाळेत तेव्हा बारा पोरं. मी तिथं खिचडी शिजवायची. शाळा बंदचा कागद आला, तशी मी नानांच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

"आवं नाना, व्हय म्हणायच्या आदी मोठ्या शाळंची वाट चालला हुता का?"

एक कार्यकर्ता पुढं आला, "वैनी, सायबांशी असं बोलत्यात व्हय?"

"बोलू दे रं त्यांना," नाना म्हणाले. "वैनी, त्या मोठ्या शाळंला पोरं कवा निघतील?"

"सातला."

"मग मी पावणेसातला हाय."

आणि आले की! उसाचा हंगाम, एका अंगाला कालवा, रस्ता अरुंद. ट्रॉली आली की पोरं पाण्याच्या अगदी कडेला सरकायची. पहिलीतल्या रुक्सानाचं दप्तर नानांनी आधीच घेतलं होतं. तिसऱ्या ट्रॉलीला तिचा हात धरला, तो शाळा येईपर्यंत सोडला नाही.

"आजोबा, तुमाला पण भ्या वाटतंय?"

"लय वाटतंय गं."

पुढच्या अधिवेशनात नाना उभे राहिले. म्हणाले, "मी न चालता होय म्हटलं. माझं चुकलं." त्यांच्याच बाकावरचे सदरा ओढून खाली बसवत होते म्हणे. बसले नाहीत. शेवटी मंत्र्यांनी अशा धोक्याच्या वाटेवरच्या शाळा वगळल्या. आमची शाळा राहिली, नानांचं तिकीट मात्र गेलं. मला मेलीला वाईट वाटलं, भेटायला गेले. तर उलट मलाच विचारतात, "वैनी, रुक्साना शाळंत जाती न्हवं?"

तेव्हापासून दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या दिवशी नाना आमच्या शाळेच्या पहिल्या पायरीवर येऊन बसायचे. आत जाणाऱ्या एकेका पोराला नाव विचारायचे. गेल्या वर्षी गुडघे धरले आणि नाना आले नाहीत. पोरं आत जाईनात, पायरीकडंच बघत राहिली.

म्हणून सांगते, रागावू नकोस. यंदा शाळा सुरू व्हायच्या दिवशी नानांना घेऊन ये. गाडीनंच आण. फाटकापासून पायरीपर्यंत मात्र त्यांना चालू दे. हात धरायला रुक्साना येते म्हणालीय. आता आठवीत आहे ती.