सरांनी घेतलेला फोन

परवा माझ्या हातून सुरमई करपली आणि त्या वासाने मला थेट पावणे गावातल्या माझ्या पहिल्या ऑफिसात नेऊन बसवलं. तिथे मला प्रोग्रामिंग शिकवलं ते टीमच्या सरांनी. ते जवळच्याच कोळीवाड्यातले, त्यामुळे सकाळी माझ्या चुका काढायचे आणि दुपारी डब्यातून तळलेली सुरमई. तीन वर्षांनी ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीत माझी निवड जवळजवळ झाली. फक्त माझ्या वरिष्ठांना फोन करून ते एकदा चौकशी करणार होते. मी ऐटीत सरांचा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी मागच्या जिन्यावर, शेजारच्या कारखान्यातल्या रंगाच्या उग्र वासात, सर फोनवर माझं नाव घेऊन बोलताना ऐकू आले. “पोरगा चांगला हाय, पन एकट्यावर काम टाकू नका. कच्चा हाय अजून.” महिन्यापूर्वीच तुर्भ्याच्या एका गोदामाचं अख्खं सॉफ्टवेअर मी एकट्याने उभं केलं होतं, आणि माझी पाठ थोपटली होती ती यांनीच! दुपारी त्यांनी नेहमीसारखा डबा पुढे सरकवला, “घे रं, लाजतोस काय?” मीही असा शूर, की मुकाट्याने दोन तुकड्या खाल्ल्या. ऐरोलीहून नकार आला. पुढची चार वर्षं मी तिथेच राहिलो, स्वतःला कच्चा समजत. परवा हे सगळं बायकोला पहिल्यांदाच सांगितलं आणि विचारलं, “खरंच होतो का गं मी कच्चा?” करपलेला तवा घासता घासता ती म्हणाली, “अहो, कच्चे असतात तर तोंडभर कौतुक करून पाठवलं असतं तुम्हाला.”