उन्हातून निघालेला गॅस

नव्वदच्या दशकात देवळीच्या बाजारात एक गृहस्थ यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. सायकलवरून सोलर प्लेट उतरवून ते उन्हात मांडायचे आणि तिच्या तारा पाण्याच्या बरणीत सोडायचे. बुडबुडे उठले की स्वतःच खूश व्हायचे.

एकदा रिकामं सिलिंडर घेऊन परतणारी पन्नाशीची बाई तिथं थांबली. गॅसची गाडी आलीच नव्हती. त्या गृहस्थांनी बुडबुड्यांवर उलटी धरलेल्या काचेच्या नळीत साठलेल्या हायड्रोजनला काडी लावली. 'पुक्' आवाज झाला.

"हा गॅस पान्यातून निंगाला माय, उनाच्या जोरावर. जमिनीतून उपसा लागत नाई."

"यावर चहा होईन का भाऊ?"

"आज नाई. तुह्या नातीच्या घरी होईन."

"तवरक मी काय करू?"

ते उठले. शेजारी बघत उभ्या असलेल्या माझ्या हवाली प्लेट करून त्यांनी तिचं सिलिंडर सायकलच्या कॅरिअरवर बांधलं आणि तिच्यासोबत घरापर्यंत चालत गेले.

खनिज वायूऐवजी हरित हायड्रोजन येणार, असं आता पेपरात वाचतो. त्यांचं म्हणणं कदाचित खरंही होईल. मला मात्र त्या प्रश्नानंतरचं त्यांचं उठणं आठवतं.