सरूबाईंचा पाय

घाट सुरू व्हायच्या आधीच ब्रेक दगा देऊ लागला, म्हणून रस्त्याकडेच्या गॅरेजात गाडी घातली. बापू मिस्त्रींनी मास्टर सिलिंडर बदलला. आता पाइपांत शिरलेली हवा काढायची होती. त्यांनी बायकोला हाक मारली. सरूबाई पदराला हात पुसत आल्या आणि ब्रेकवर पाय ठेवून स्टिअरिंगसमोर बसल्या.

"दाब," बापू चाकाशी वाकून म्हणाले.

"दाबलाय."

मग ते चाकामागचा छोटा नट सैल करत. नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत उतरत. नट आवळून झाला की ते म्हणत, "सोड." दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते.

चारही चाकं झाली. बापू उठले. "झालं. आता बुडबुडा येत नाही."

"अजून आहे हवा," सरूबाई म्हणाल्या. "पायाला मऊ लागतंय."

मला उशीर होत होता. बापू मात्र पुन्हा खाली बसले. मागच्या डाव्या चाकाशी मोहरीएवढा एक बुडबुडा निघाला.

आपल्याला जे दिसत नाही ते दुसऱ्याला जाणवतं, हे इतक्या सहज मान्य करायला माणसाला किती वर्षं लागत असतील, कोण जाणे.

"तुम्ही गाडी चांगली चालवत असाल," मी सरूबाईंना म्हणालो.

"छे हो! मला कुठं येतेय चालवायला," असं म्हणत त्या उतरल्या.

मी त्यांच्या जागी बसलो आणि निर्धास्त मनाने घाटाला लागलो.