गयाआक्कांच्या पोटातली लेकरं

"ह्या पोरीला तोंड हाय का न्हाई?"

गयाआक्कांनी हे शेजारच्या शांताबाईंना हळूच विचारलं होतं. पण आक्कांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचं हळू बोलणं डोंगरकडा गावच्या मारुतीच्या देवळात सगळ्यांना ऐकू गेलं. मी मान खाली घालून डब्या वाटत राहिले. म्हाताऱ्या माणसांनी रोज व्यायाम केला तर त्यांच्या पोटातले जिवाणू बदलतात का, हे आमच्या प्रकल्पाला बघायचं होतं. व्यायाम प्रकल्पाचे सर घ्यायचे, डब्यांचं काम माझं. "उद्या सकाळचं सॅम्पल आणा," एवढंच मी म्हटलं. इंग्रजी शाळेत शिकलेला शब्द मी सहज उच्चारला असता. मराठीतला तोंडातून बाहेर पडेना.

दुसऱ्या दिवशी आक्कांची डबी घासूनपुसून आली. आत भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा.

"लोकाची डबी रिकामी कशी देऊ, माय?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. शेवटी शांताबाईच ओरडल्या, "आक्का, परसाकडचं मागून राहिली ती!"

आक्का तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "काहून गं, तुह्या घरी मिळत न्हाई काय?" मग पायरीवर बसून आम्ही दोघींनी ते शेंगदाणे संपवले.

लुगड्याचा पदर कमरेला खोचून त्या व्यायामाला हात वर करायच्या, तेव्हा दंडावरचं गोंदण दिसायचं. पोटातले जिवाणू जिवंत असतात, हे सरांनी सांगितल्यापासून त्यांनी एकदाही मध्येच बसून घेतलं नाही. "येवढी लेकरं हाईत माझ्या पोटात, अन् मी बसून राहू?" आक्कांना मूल नव्हतं. पुतण्याकडे राहायच्या.

त्यांचं पोट वर्षानुवर्षं गच्च असायचं. ते त्यांनी मला सांगितलं, घरात नाही. "दुसऱ्याच्या घरी ऱ्हातो आपन. खाया मिळतं, वर तकलीफ काय सांगावी?" व्यायाम सुरू झाल्यावर हळूहळू बरं वाटू लागलं. पोट साफ झालं की त्या सकाळी लांबूनच माझ्याकडे बघून खुशीत मान डोलवायच्या.

एके सकाळी व्यायाम चालू असताना पुतण्या मोटारसायकल देवळाच्या दारात लावून आत आला आणि मोठ्यानं म्हणाला,

"काकू, चला घरी. चौकात पोरं तुमची नक्कल करून राहिलेत. उद्यापासून यायचं न्हाई."

आक्कांचे वर गेलेले हात खाली आले. कमरेचा पदर सोडून त्यांनी डोक्यावर घेतला आणि चपला शोधू लागल्या. दाराशी आक्कांनी एकदा वळून माझ्याकडे बघितलं.

"दादा, थांबा," मी म्हणाले. देवळात सगळ्यांना ऐकू गेलं, आक्कांनासुद्धा. "आक्कांना कित्येक वर्षं संडासला साफ होत नव्हतं. आता होतं. त्या उद्याही येणार."