वाचकहो, थोडा धीर धरा

खाकी चिकटपट्टीचा वास आला की मला सौदीतल्या अबकैकचं ते घर आठवतं. आखाती युद्धाचे दिवस होते. विषारी वायूच्या भीतीने आम्ही खिडक्यांच्या फटी पट्टीने बुजवल्या होत्या, काचांवरही पट्ट्या चिकटवल्या होत्या, आणि भर दुपारी खोलीत मधासारखा पिवळा उजेड साचायचा. त्या उजेडात माझा नवरा व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी मराठी करत मोठ्याने वाचायचा. ऐकायला मी आणि शेजारी राहणाऱ्या, रत्नागिरीकडच्या चाची. लेखक मधेच विचारायचा, ‘वाचकहो, कंटाळला नाहीत ना?’ वाचता न येणाऱ्या चाची पुस्तकाकडे बघून सांगायच्या, ‘नाय रे बाबा, तू सांग.’ एकदा त्यांचा मुलगा तेलाच्या प्लांटवर कामाला गेलेला असताना हल्ल्याचा भोंगा वाजला. नवरा थांबला. ‘वाच रे,’ चाची म्हणाल्या, ‘तो बोलतोय ना आपल्याशी.’ पुढची ओळ होती, ‘वाचकहो, थोडा धीर धरा.’ चाचींनी डोळे मिटले. ‘धरलाय,’ त्या म्हणाल्या. संध्याकाळी मुलगा सुखरूप परतला, तेव्हा त्या धावत आल्या आणि मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून म्हणाल्या, ‘माझा पोर आला रे.’ लेखक कधीचाच वारलाय, हे त्या क्षणी मलाही खरं वाटलं नाही. आता ती कादंबरी मी एकटीच वाचते, आणि तो ‘वाचकहो’ म्हणाला की हळूच ‘हं’ म्हणते.