सातवं फूल

आमच्या डेअरीत दोनका तीस वर्षं टेलिफोनवर होती. दही पातळ लागलं, चीज खारट झालं की लोक फोन करून शिव्या घालायचे आणि ही निवांत विचारायची, "झाकणावरची तारीख सांग." पुढे फोन येईनासे झाले, शिव्या फेसबुकवर गेल्या. मालक रादोस्लाव तिला म्हणाला, "इतकी वर्षं शिव्या ऐकल्यास, आता वाच." अशी ती डेअरीच्या पेजची प्रमुख झाली. हाताखाली कुणी नव्हतं, हे सांगायला नकोच.

मी पॅकिंगला. तिची उत्तरं आम्ही जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचायचो. इवायलो नावाच्या एकाने लिहिलं, "तुमचं दही म्हणजे नुसतं पाणी." दोनकाचं उत्तर: "इवायलो, तारीख सांग. आणि तुझी आई म्हणते, तू फ्रीजचं दार धड लावत नाहीस." लोकांना हे आवडायचं, मालकाला नाही. राजधानी सोफियातल्या एका जाहिरात एजन्सीने त्याला पन्नास गुळमुळीत उत्तरं लिहून पाठवली होती. "एक चूक कर, पेज त्यांच्याकडे आणि तू घरी," असं त्याने तिला बजावलं होतं. निवृत्तीला तिची दोन वर्षं उरली होती.

चूक झाली मेतोदीकाकांच्या निरोपसमारंभात. काका चाळीस वर्षं चीजच्या हौदावर उभे राहिले. दोनकाने त्यांच्या हातात कार्नेशनची सात फुलं दिली आणि फोटो काढला. पेजवर नीट बसावा म्हणून त्याची कडा कापली, भारदस्त दिसावा म्हणून काळा-पांढरा केला आणि वर लिहिलं, "मेतोदीकाका, तुमच्याशिवाय हौद ओका ओका वाटतो." कडेबरोबर सातवं फूल गेलं, ते तिच्या लक्षातच आलं नाही.

आमच्याकडे जिवंत माणसाला विषम फुलं देतात, सम फक्त मेलेल्याला. फुलं मोजायला पोरंसोरंही चुकत नाहीत. संध्याकाळपर्यंत तीनशे जणांनी खाली श्रद्धांजली वाहिली. सकाळी शेजारीण मयताचा उकडलेला गोड गहू घेऊन काकांच्या दारात उभी राहिली. दार काकांनीच उघडलं.

"कोण गेलं गं?"

"तुम्ही," ती म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली.

मालक दोनकावर कडाडला. "फोटो आत्ताच्या आत्ता काढ! तांत्रिक बिघाडामुळे गैरसमज झाला, असं टाक. आणि संध्याकाळी पेज एजन्सीच्या हवाली कर."

"आधी काकांची माफी मागते, साहेब," ती म्हणाली. मीही सोबत गेले.

काका फुगून बसले होते. माफी त्यांनी ऐकलीच नाही. "डोळ्यांना दिसत नाही मला. काय काय लिहिलंय, ते वाच."

ती वाचू लागली. एकाने लिहिलं होतं, "बायकोच्या बाळंतपणात काकांनी माझ्या तीन पाळ्या केल्या." दुसऱ्याने, "हौदभर दूध माझ्याकडून नासलं होतं. दोष यांनी आपल्या अंगावर घेतला."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून जेवले लेकाचे, एक शब्द बोलले नाहीत. पुढचं वाच."

तीनशेही वाचून झाल्यावर ते म्हणाले, "काढू नकोस तो फोटो."

मग दोनकाने तिथेच बसून लिहिलं: "फूल मी कापलं. बिघाड कसलाच नाही. काका जिवंत आहेत आणि स्वतःच्याच मयताचा गहू खातायत." सोबत काकांचा वाटी हातात घेतलेला फोटो. दुपारपर्यंत अख्खं गाव हसत होतं. आमच्या दुकानात लोक दही घ्यायला येत आणि आधी काकांची तब्येत विचारत. पेज एजन्सीला द्यायची गोष्ट मालकाने पुन्हा काढली नाही. मला तर त्याची जिरली याचाच जास्त आनंद झाला.

दीड वर्षाने, नोव्हेंबरात, मेतोदीकाका गेले. दोनकाने तोच काळा-पांढरा फोटो, वर काही न लिहिता, पुन्हा टाकला. दोन मिनिटांत इवायलोने लिहिलं, "काय दोनका, परत फूल कापलंस ना?" त्याच्याखाली दुसरा हसला, मग तिसरा. बघता बघता वीस-पंचवीस जण हसत होते.

मग दोनकाने एकेकाला, नाव घेऊन, उत्तर द्यायला सुरुवात केली.

"नाही रे, इवायलो. या वेळी सहाच आहेत."