दोन दाबलं की बाळू येतो

मी सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण घरात ही गोष्ट निघाली की बायको सुरुवात याच वाक्याने करते.

दहा-बारा वर्षं झाली. अप्पा गेले आणि आई निपाणीचं घर बंद करून आमच्याकडे बंगळुरूला, सर्जापूर रोडवर राहायला आली. येताना दोन पिशव्या आणल्या आणि अप्पांचा बटणांचा जुना फोन. आईला फोन वापरायला अप्पांनीच शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, तर एवढंच: “दोन दाबून धर. दोन दाबलं की बाळू येतो.” बाळू म्हणजे मी. आईचं फोनचं सगळं शिक्षण या एका वाक्यात उरकलं होतं आणि तेवढ्यावर तिचं कधी काही अडलं नव्हतं.

आमच्या फ्लॅटमध्ये मात्र त्या कंपनीची रेंजच येईना. यायची ती फक्त बाथरूमच्या खिडकीत. निपाणीहून कुणाचा फोन आला की आई बाथरूममध्ये स्टुलावर उभी राहून खुशाली सांगायची. (“कुठं आहेस?” या प्रश्नाला तिने एकदाही खरं उत्तर दिलं नाही.)

“नवा फोन घेऊ या,” मी म्हणालो.

“नको रे. ह्यांचा हात लागलाय याला.”

खरंच लागला होता. दोनच्या बटणावरचा आकडा पार पुसून गेला होता. अप्पा मला दिवसातून किती वेळा फोन करायचे आणि मी किती वेळा “मीटिंगमध्ये आहे” म्हणून ठेवून द्यायचो, ते त्या बटणाकडे बघून मला कळलं. वाईट वाटलं. मग ठरवलं, फोन हाच ठेवायचा, कंपनी बदलायची.

फोन जुन्या कंपनीच्या योजनेत घेतलेला होता, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की रुसून बसायचा. कोरमंगलातल्या एका दुकानदाराने “स्वल्प वेट माडी सर” म्हणत थांबवून ठेवलं आणि तासाभरात त्याचा रुसवा काढला. नवं सिम बसवताना त्याने विचारलं, “जुन्या सिममधले नंबर कॉपी माडबेका, सर?”

आता मी आयटीतला माणूस. मला हा विचारतो! “बेडा, बेडा,” मी म्हणालो. नको म्हणजे नकोच. एवढंच करून थांबलो नाही. जुनं सिम कुणाच्या हाती लागू नये म्हणून घरी येऊन कात्रीने त्याचे दोन तुकडे केले.

“एकदा तपासून तरी बघा,” मंजिरी म्हणाली. मंजिरी म्हणजे बायको.

मी माझ्या फोनवरून आईला फोन लावला. वाजला. “झालं तपासून,” मी म्हणालो. आईच्या फोनवरून मला लावून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मध्येच बंद पडू नये म्हणून बॅलन्स मात्र भरपूर टाकून ठेवला.

दोन दिवसांनी आई म्हणाली, “होसकोटेला अक्काकडे जाऊन येतो.” (आमच्याकडच्या बायकाही ‘जातो, येतो’च म्हणतात.) अक्का म्हणजे माझी मावशी. मी सोडायला येतो म्हटलं तर ऐकेना. “ह्यांच्या माघारी एकटीनं कुठं गेलोच नाही बघ. एकदा जाऊ तर दे. कन्नड तुझ्यापेक्षा बरं येतंय मला. पोचलो की दोन दाबतो.”

नऊला निघाली. दोन बस बदलायच्या, म्हणजे अकराला पोचायला हवी. साडेअकरा झाले तरी फोन नाही. मी लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. पावणेबाराला मंजिरीचा फोन आला.

“आई पोचल्या का हो?”

“व्यस्त लागतोय.”

“मग बरं आहे की. कुणाशी तरी बोलत असतील.”

“मंजिरी, आईला आयुष्यात एकच नंबर लावता येतो आणि तो माझा आहे.”



“मावशींकडे लावा ना,” ती म्हणाली.

मावशीचा नंबर अप्पांच्या फोनमध्ये होता. म्हणजे सिममध्ये. म्हणजे कचऱ्याच्या डब्यात, दोन तुकड्यांत. हे सांगितल्यावर मंजिरी जे काही म्हणाली त्याची सुरुवात “तपासण्याची नोकरी” या शब्दांनी झाली.

मी मीटिंग अर्धी टाकून स्कूटर काढली. प्रत्येक सिग्नलला फोन लावत होतो आणि प्रत्येक सिग्नलला तो व्यस्त होता. फोन चोरीला गेला असेल, चोर आपल्या सगळ्या नातेवाइकांशी निवांत बोलत असेल, आई भलत्याच स्टॉपवर उतरून एकटीच बसली असेल. त्या तासाभरात मला फार भीती वाटली. अप्पांनी माझ्या भरवशावर सोडलेलं एकच माणूस आणि ते मी कात्रीने कापून टाकलं, असं काहीतरी डोक्यात फिरत होतं.

मावशीच्या दारात पोचलो तर आई कॉटवर मांडी घालून बसलेली. शेजारी कॉफी. कानाला फोन. “हौदु सर, हौदु,” असा होकार देत मान डोलवत होती.

“आई, कुणाशी बोलतेयस?”

“अरे, तुझ्याच ऑफिसातल्या माणसाशी.”

मी फोन हिसकावून घेतला. पलीकडून एक गंभीर आवाज कन्नडमध्ये मला शनीबद्दल सांगत होता.

भानगड साधी होती. दोनचं बटण सिममधल्या दोन नंबरच्या जागेवरचा नंबर लावायचं. जुन्या सिममध्ये तिथे मी होतो. नव्या सिममध्ये कंपनीने आपले नंबर आधीच भरून दिले होते आणि दोनवर होतं ज्योतिष.

“मला वाटलं, तू सदान्‌कदा मीटिंगमध्ये, म्हणून माझ्यासाठी माणूस ठेवलास,” आई म्हणाली. “पोचलो म्हणून सांगितलं. त्यानं तुझी जन्मवेळ विचारली. वाटलं, ऑफिसात लागत असेल. किती नीट ऐकून घेतो रे! मग अजून दोनदा लावला.”

“काय सांगितलं त्याने?”

“म्हणाला, मुलाला वेळ नाही, पण मनानं वाईट नाही. आज स्वतः भेटायला येईल.”

मी हेल्मेट हातात घेऊन दारात उभा होतो. मावशीने माझ्याकडे बघून हात जोडले. ते माझ्यासाठी नव्हते, त्या फोनवरच्या माणसासाठी होते.

आईने फोन परत घेतला, पदराने पुसला आणि ते कोरं बटण मला दाखवलं. “ह्यांचं खरं झालं बघ. दोन दाबलं की बाळू येतो.” मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

मावशीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवण झाल्यावर मी तिथेच बसून दोनवर माझा नंबर घातला आणि या खेपेला आईच्या हातून लावून पाहिला. तेव्हापासून आईचे फोन मलाच येतात. फक्त मी “आई, मीटिंगमध्ये आहे” म्हटलं की ती लगेच म्हणते, “असू दे, असू दे. तू तुझं काम कर. तो त्या दिवशीचा माणूस असला तर दे जरा.”